सेबूतला शुक्रवार

फिलिपिन्सला जाणारी आपली बहुतेक मंडळी मनिलाला उतरतात आणि तिथून पालावान नाहीतर बोराकाय गाठतात. सेबू शहर वाटेत आलंच तर ते विमान किंवा बोट बदलण्यापुरतं. मलाही पुढे बोहोल बेटावरच जायचं होतं, पण बोटीच्या आधीचा एक अख्खा दिवस मी हट्टाने सेबूसाठी राखून ठेवला होता. शाळेत आपण ‘मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा केली’ असं घोकलेलं असतं. त्याने ती केलीच नाही. अर्ध्या वाटेवर, सेबूसमोरच्या मकतान बेटाच्या किनाऱ्याशी, उथळ पाण्यात तो मारला गेला. प्रदक्षिणा पुरी केली ती ‘व्हिक्टोरिया’ या जहाजावर उरलेल्या अठरा जणांनी, पुढच्या वर्षी. १५२१ चा तो एप्रिल महिना या शहरात अजून ठाण मांडून बसलाय. मॅगेलनने रोवलेला क्रूस, त्याने भेट दिलेली मूर्ती आणि त्याला मारणाऱ्या लापुलापूचा पुतळा, तिघांचीही बडदास्त सारखीच. हे या लोकांना जमतं कसं, ते बघायचं होतं.

जायचं कसं ते थोडक्यात सांगते. जून २०२५ पासून पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, ऑनलाइन भरायचा ‘ईट्रॅव्हल’ फॉर्म वगैरे जवळ हवं. मी सिंगापूरमार्गे गेले. सेबूचा विमानतळ मुळात सेबूत नाहीच, तो मकतान बेटावर आहे. त्याचं लाकडी कमानींचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल २०१८ मध्ये सुरू झालं आणि ते उभारण्यात आपल्या जीएमआर कंपनीची भागीदारी होती. एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया धरायचा. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

माझं हॉटेल फुएंते ओस्मेन्या या मोठ्या वर्तुळाकार चौकाजवळ होतं. सकाळी सहाला बाहेर पडले तेव्हा चांगलंच उजाडलं होतं आणि रस्त्यावर जीपनींची, म्हणजे इथल्या लांबट प्रवासी जीपगाड्यांची, वर्दळ सुरू झाली होती. जीपनीत मागून चढायचं, समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. सेबूत प्रत्येक मार्गाला एक आकडा आणि एक अक्षर असतं, १३सी वगैरे, आणि ते काचेवर मोठ्ठं रंगवलेलं असतं. पैसे द्यायचे ते शेजारच्याच्या हातात. नाणी हातोहात ड्रायव्हरपर्यंत पोचतात आणि सुटे तसेच उलटे येतात. मी गेले तेव्हा किमान भाडं तेरा पेसो होतं. मी वीसची नोट पुढे सरकवली, ती पाच हातांतून गेली आणि सात पेसो त्याच पाच हातांतून परत आले. मधली एक मुलगी डोळे मिटून गाणी ऐकत होती, तिने डोळे न उघडता दोन्ही वेळा हात पुढे केला. उतरायचं झालं की ‘लुगार लांग’ म्हणायचं किंवा वरच्या लोखंडी दांडीवर नाणं ठोकायचं. मला ठोकणं जास्त आवडलं.

उतरले कार्बन मार्केटला. सेबूचा हा सगळ्यात मोठा आणि जुना बाजार. काही भागात नव्या इमारती उठल्यात, पण सकाळच्या वेळी खरा बाजार अजून रस्त्यावरच भरतो. शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या, कच्ची पपई, केळफुलं, नारळ, टोपल्यांत पाय बांधलेल्या कोंबड्या. शेवग्याचा पाला इथे सगळ्या सारांत पडतो, त्याला कामुंगाय म्हणतात. आमच्या कोकणात तो गोकुळाष्टमीला आठवतो आणि मग वर्षभर त्याच्याकडे कोणी बघत नाही, इथे रोजच्या जेवणात.

नाश्त्याला पुतो माया आणि सिक्वाते. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात आल्याबरोबर शिजवून त्याची मूद करतात, वर थोडी साखर, बाजूला पिकल्या आंब्याची फोड. सिक्वाते म्हणजे कोकोच्या वड्या पाण्यात विरघळवून, लाकडी रवीने घुसळून केलेलं दाट, कडसर पेय. टपरीवाल्या बाई रवीचा दांडा दोन तळहातांत धरून इतक्या सपासप फिरवत होत्या की पातेल्याच्या काठापर्यंत फेस आला. शाकाहारी माणसाने सेबूत काय खावं असं मला विचाराल, तर सकाळी हे खावं आणि शक्य झालं तर दुपारी पुन्हा हेच खावं. आंबा आपल्या हापूससारखा मिरवणारा नाही. पातळ सालीचा, लांबट, नुसता गोड, रेषा जवळजवळ नाहीतच. हापूसच्या माणसाला हे कबूल करणं जड जातं, पण चार फोडी मागवल्या.

‘एकट्याच, मॅम? सोबत कोणी नाही?’ बाईंनी विचारलं. हा प्रश्न मला दिवसभर येत राहिला. त्यात संशय नसतो, काळजी असते. एकटं जेवणाऱ्या माणसाची इथे कीवच करतात. मी ‘एकटीच’ म्हटल्यावर त्यांनी आंब्याची आणखी एक फोड ताटलीत टाकली.

तिथून बॅसिलिका, म्हणजे सांतो निन्योचं मोठं चर्च, चालत पंधरा मिनिटांवर. शुक्रवार हा सांतो निन्योचा, म्हणजे बाळ येशूचा वार, आणि मी मुद्दाम शुक्रवार धरला होता. सकाळपासून एकामागून एक मिस्सा चालू असतात आणि गर्दी चर्चमध्ये मावत नाही, म्हणून समोरच्या पटांगणात मोठं उघडं प्रार्थनास्थळ बांधलंय. मी पोचले तेव्हा ते भरलेलं होतं, कडेने लोक उभे होते. ऑफिसला जाणारी मुलं पाठीवर सॅक घेऊन, शाळेचा गणवेश घातलेल्या पोरी, चाकाच्या खुर्चीवरच्या आज्या. शेवटी बाळ येशूचं स्तोत्र सुरू झालं आणि ध्रुपद आल्याबरोबर सगळ्यांनी हात वर करून हलवायला सुरुवात केली. हजारेक हात एका लयीत. नंतर टाळ्या, आणि ‘पित सेन्योर!’ असा गजर. मी देवभोळी नाही, पण हात कधी वर गेला ते कळलं नाही.

मूर्ती बघायला रांग. ती जेमतेम फूटभर उंचीची आहे. युरोपात, फ्लँडर्सकडे घडवलेली, लाल मखमल, सोन्याचा मुकुट, जाड काचेआड. लोक काचेवर हात टेकतात, रुमाल लावून तो कपाळाला लावतात. या मूर्तीची कथा मला अख्ख्या दिवसातली सगळ्यात विलक्षण वाटते. ७ एप्रिल १५२१ ला मॅगेलन सेबूत उतरला. आठवड्याभरात इथला राजा हुमाबोन आणि त्याची राणी यांनी बाप्तिस्मा घेतला आणि राणीला ही मूर्ती भेट मिळाली. महिना संपायच्या आत मॅगेलन मेला. १ मे ला त्याच हुमाबोनने उरलेल्या स्पॅनिश लोकांना मेजवानीला बोलावलं आणि वीसपेक्षा जास्त माणसं कापली. जहाजं पळाली. पुढे ४४ वर्षं स्पॅनिश इकडे राज्य करायला फिरकले नाहीत. १५६५ मध्ये मिगेल लोपेझ दे लेगाझ्पी आला, त्याने गोळीबार केला, गाव पेटलं, आणि जळक्या घरांत शोधाशोध करताना हुआन कामुस नावाच्या शिपायाला एका पेटीत ही मूर्ती मिळाली. म्हणजे पाहुण्यांना मारलं, त्यांचा धर्म सोडला, पण त्यांनी दिलेला देव चव्वेचाळीस वर्षं घरात सांभाळला. स्पॅनिश लोकांनी याला चमत्कार म्हटलं आणि सापडली तिथे चर्च उभारलं. मला यात चमत्कारापेक्षा सेबूच्या माणसांचा व्यवहार दिसतो. आलेला देव कशाला परत पाठवा? चार देव जास्त असलेले बरे.

आताची दगडी इमारत १७३० च्या दशकातली. ऑक्टोबर २०१३ च्या ७.२ रिश्टरच्या भूकंपात तिचा घंटेचा मनोरा कोसळला होता. तो पुन्हा बांधलाय, पण नव्या आणि जुन्या दगडाच्या रंगातला फरक बघणाऱ्याला कळतो.

मॅगेलनचा क्रूस बॅसिलिकेच्या मागच्या अंगाला, महापालिकेसमोरच्या चौकात आहे. १८३४ मध्ये बांधलेली अष्टकोनी छत्री, छताच्या आतल्या बाजूला बाप्तिस्म्याची रंगीत चित्रं, आणि मध्ये उंच लाकडी क्रूस. दिसतो तो मूळ क्रूस नाही, तिंदालो लाकडाचं कवच आहे. मूळचा आत असल्याचं पायथ्याशी लिहिलंय. औषधी म्हणून लोक त्याच्या ढलप्या काढून न्यायला लागले, म्हणून हे कवच. खरं सांगायचं तर पाच मिनिटांत बघून होतो. थांबावं ते बाहेर मेणबत्ती विकणाऱ्या बायकांसाठी. लाल-पिवळे कपडे, हातात रंगीत मेणबत्त्यांची जुडी. तुम्ही मेणबत्त्या घ्यायच्या, घरच्यांची नावं सांगायची, आणि त्या तुमच्या वतीने नाचत नवस बोलतात. दोन पावलं पुढे, एक मागे, मेणबत्त्या डोक्याच्या वर हलवत. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सिनुलोगच्या, म्हणजे सांतो निन्योच्या उत्सवाच्या, मिरवणुकीत लाखो लोक हेच पाऊल टाकतात. मी आईचं, भावाचं आणि लेकीचं नाव सांगितलं. माझ्या भावाचं ‘श्रीकृष्ण’ हे नाव त्यांना काही केल्या जमेना. तीनदा प्रयत्न करून त्या हसल्या, मेणबत्ती वर केली आणि म्हणाल्या, ‘युवर ब्रदर!’ नवस पोचला असावा.

क्रुसासमोर उभी असताना मला राहून राहून दाभोळ आठवत होतं. माझं माहेर गुहागरचं, धोपाव्याहून फेरीबोटीत बसलं की पलीकडे दाभोळ. मॅगेलन १५०५ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या आरमारातून हिंदुस्थानात आला होता, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. तेव्हा तो पोर्तुगालचा साधा शिपाई. १५०९ च्या दीवच्या लढाईत तो लढला असं इतिहासकार सांगतात. दीवला निघालेल्या त्याच आरमाराने वाटेत, डिसेंबर १५०८ च्या अखेरीस, दाभोळ बंदर लुटलं, जाळलं आणि बायकापोरांसकट माणसं कापली. पुढे पोर्तुगालच्या राजाशी बिनसलं म्हणून हा गडी स्पेनच्या चाकरीत गेला आणि उलट्या बाजूने पृथ्वीला वळसा घालत इथे पोचला. तेव्हा त्याच्या नावाने मेणबत्ती लावायचं माझ्या काही मनात आलं नाही.

तिथून समुद्राच्या दिशेने चालत गेलं की प्लाझा इंडिपेंदेन्सिया नावाचं झाडांनी भरलेलं मोठं मैदान आणि त्याच्या टोकाला फोर्ट सान पेद्रो. लेगाझ्पीने १५६५ मध्ये लाकडी मेढेकोट उभारला होता, दगडी तटबंदी १७३८ ची. तीन बाजू, तीन कोपऱ्यांत तीन बुरूज, भिंती साधारण वीस फूट उंच आणि आठ फूट जाड. आणि आतलं क्षेत्रफळ? दोन हजार चौरस मीटरच्या जरा वर, म्हणजे अर्धा एकर. सिंधुदुर्ग अठ्ठेचाळीस एकरांचा. आपल्या माणसाला इथे हसू येणारच, मलाही आलं. तटावरून एक चक्कर मारायला काही मिनिटं पुरतात. पण एवढ्याशा जागेत स्पॅनिश सैन्य राहिलं, अमेरिकनांनी बराक केली आणि नंतर काही वर्षं चक्क प्राणिसंग्रहालय होतं. आता बाग आहे आणि लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. पूर्वी याच्या दोन बाजूंना समुद्र होता. भराव टाकून तो दूर ढकललाय आणि तटावरून आता दिसतात त्या बंदरातल्या बोटी आणि कंटेनर.

किल्ल्याबाहेर एकाने मला मकतानला सोडायचे पंधराशे पेसो सांगितले. अ‍ॅपवर त्याच्या निम्म्याहून कमी दिसत होते. मी फोन त्याच्यासमोर धरला, तो हसला, मीही हसले. इथे घासाघीस अशी बिनभांडणाची होते.

शेजारीच जुनं कस्टम हाउस आहे, १९१० सालचं, अमेरिकन काळातलं. २०२३ पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालयाची सेबू शाखा आहे. प्रवेश फुकट आणि आत वातानुकूलन. अकराच्या उन्हात एवढी कारणं पुरेशी आहेत. मी अर्धा तास काढला, त्यातला थोडा नुसता बाकावर.

मग पारियान. स्पॅनिश काळात चिनी व्यापारी आणि त्यांच्या मिश्र वंशाच्या कुटुंबांची ही वस्ती. पूर्वी इथपर्यंत खाडीतून मालाच्या होड्या येत. आता गोदामं, शाळा, रिक्षांसारखी तीनचाकी आणि मध्येच तीनशे वर्षांची घरं. याप-सांदिएगो कुटुंबाचं घर सतराव्या शतकाच्या अखेरचं, भिंती समुद्रातल्या प्रवाळ दगडाच्या. तो दगड जोडायला अंड्याचा पांढरा बलक वापरला असं तिथला मार्गदर्शक सांगतो. कासा गोरोर्दो त्याहून मोठं, नीटनेटकं, शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्यांचं. सेबूचे पहिले फिलिपिनो बिशप याच घरातले. ते सुंदर आहे, पण फार पुसूनपासून ठेवलंय.

मला भुरळ पडली ती जेझुइट हाउसची. पत्ता शोधत गेले तर समोर हार्डवेअरचं गोदाम. पाइप, पत्रे, सिमेंटच्या गोण्या, ट्रकमध्ये माल चढवणारी माणसं. चुकीच्या दारात आलेय असं वाटावं तोच एका मुलाने ‘म्युझियम? कम, मॅम’ म्हणून आत बोलावलं. घर गोदामाच्या पोटातच आहे! वर गोदामाचा पत्रा आणि त्याच्याखाली घराचं स्वतःचं कौलारू छप्पर. वरच्या मजल्यावर भिंतीत कोरलेलं नक्षीकाम आणि ‘आन्यो १७३०’ ही अक्षरं. म्हणजे फिलिपिन्समधल्या सगळ्यात जुन्या, तारीख नक्की ठाऊक असलेल्या घरांपैकी हे एक. जेझुइट पाद्र्यांचं घर, पण त्यांना १७६८ मध्ये स्पेनच्या राजाने देशाबाहेर घालवलं आणि नंतर ते खासगी मालकीचं झालं. त्या मुलाने मला छताच्या तुळया दाखवल्या, कडक देशी लाकूड, कुसू आणि खाचा बसवून जोडलेल्या. जमिनीच्या फळ्या इतक्या रुंद की एका फळीवर मी आडवी पाय जुळवून उभी राहिले तरी जागा उरली. खालून पाइप ट्रकमध्ये पडल्याचा धाडकन आवाज आला आणि फळ्या हलक्याशा थरथरल्या. ‘अर्थक्वेक नाही, डिलिव्हरी,’ तो म्हणाला. हा विनोद तो रोज करत असणार, तरी मी मनापासून हसले. गोदामाच्या मालकांनी घर पाडून शेड वाढवली असती तर कोणी काय करणार होतं? त्यांनी ते जपलं आणि धंदाही चालू ठेवला. सेबूत एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी क्रुसाच्या आधी याचं नाव घेईन.

कोलोन स्ट्रीट जवळच. १५६५ मध्ये आखलेला, देशातला सगळ्यात जुना रस्ता, कोलंबसच्या नावाचा. जुनेपण शोधायला जाऊ नका. मोबाइलची कव्हरं, स्वस्त चपला, बेकऱ्या, डोक्यावर तारांची जाळी. बॅग पुढे घेऊन झपझप पार केला.

दुपारचं जेवण एका कारिंदेरियात. काउंटरवर पातेली ओळीने मांडलेली, झाकणं उचलून बघायचं आणि बोट दाखवायचं. मी मासे खाते, डुकराचं मांस खात नाही, आणि सेबूचा अभिमान नेमका आख्ख्या भाजलेल्या डुकरात, लेचोनमध्ये आहे. त्याबद्दल मला विचारू नका. पण शुक्रवारी इथे घरोघरी आणि खानावळीत मूग शिजतात. कॅथलिकांचा मांस टाळायचा वार, म्हणून. तरी त्यात डुकराचे तुकडे टाकणारे असतातच, तेव्हा मी दोनदा खात्री करून घेतली. यांच्यात फक्त सुका मासा होता. लसूण-कांद्यावर परतलेले हिरवे मूग, शेवग्याचा पाला, थोडा पातळसरपणा. सोबत पुसो: नारळाच्या कोवळ्या पानांची मुठीएवढी विणलेली पुडी, तिच्यात तांदूळ भरून उकडायचे. पुड्यांचे घड दोरीला टांगलेले असतात. मालकीणबाईंनी दोन पुड्या तोडल्या, सुरीने उभी चीर दिली आणि पानासकट ताटात ठेवल्या. हाताला घालायला प्लॅस्टिकचा मोजा दिला. मी तो बाजूला ठेवून तसंच हाताने जेवायला लागले, तशी समोरच्या बाकावरची दोन माणसं एकमेकांना कोपराने ढोसून खूश झाली. सगळं मिळून शंभर पेसोच्या आत.

डोंगरावरचं टेंपल ऑफ लीआ मी वगळलं. दिवंगत बायकोच्या आठवणीत एका श्रीमंताने २०१२ पासून बांधायला घेतलेली रोमन थाटाची ती भव्य इमारत आहे. रील्समध्ये पुष्कळ पाहिली होती, तेवढी पुरे. त्याऐवजी सुका आंबा घ्यायला मॉलमध्ये शिरले.

तीन वाजता सुपरमार्केटच्या रांगेत उभी होते आणि अचानक गाणं बंद झालं. लाउडस्पीकरवर प्रार्थना सुरू झाली आणि सगळं थांबलं. कॅशियर मुलीने माझं पाकीट स्कॅनरवर धरलेलं तसंच ठेवून मान खाली घातली. ट्रॉल्या थांबल्या, माणसं जागच्या जागी उभी. प्रार्थना संपली, सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला, स्कॅनर ‘टीं’ वाजला आणि गाणं सोडलं होतं तिथूनच सुरू झालं.

मी लेकीला फोनवर हेच सांगत होते तेवढ्यात मागून आवाज आला, ‘काकू, तुम्ही मराठी?’ दोघी मुली, पांढरे गणवेश, एक लातूरची आणि एक नांदेडची. मेडिकलच्या विद्यार्थिनी. सेबूत वैद्यकीय शिक्षणासाठी आलेली भारतीय मुलं बरीच आहेत हे ऐकून होते, पण भेटतील असं वाटलं नव्हतं. त्यांच्या ट्रॉलीत कांदे, बटाटे, अंडी आणि शेंगदाणे. पोहे आणि काळा मसाला घरून येतो, राइस कुकरमध्ये खिचडीपासून शिऱ्यापर्यंत सगळं होतं, असं कळलं. वर्गात इंग्रजी चालतं, पण वॉर्डातले म्हातारे पेशंट बिसायाच बोलतात, त्यामुळे ती भाषा शिकावी लागते. लातूरची म्हणाली, ‘आज्या फार गोड असतात हो, सुई टोचली तरी आपल्यालाच थँक्यू म्हणतात.’ कुठला सुका आंबा घ्यायचा ते त्यांनीच सांगितलं आणि मकतानला निघालेय म्हटल्यावर बजावलं, ‘आत्ता निघा काकू, पाचनंतर पुलावर अडकाल.’

अडकायचं ते अडकलेच, वर चार वाजता सर आली. अ‍ॅपवरून बोलावलेल्या गाडीत तासाभराने १९९९ चा मार्सेलो फेर्नान पूल पार केला. ड्रायव्हर मकतानचाच होता. मॅगेलनबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘आमच्या लापुलापूने मारला ना!’, काल घडल्यासारखं. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर? लाल मखमलीतला सांतो निन्यो.

मकतान श्राइन ही समुद्राकाठची बाग आहे. लापुलापूचा ब्राँझचा पुतळा चांगला उंच, हातात तलवार आणि ढाल, अंगावर जेमतेम कपडा. त्याच आवारात थोड्या अंतरावर मॅगेलनचा स्मारकस्तंभ, १८६६ चा, स्पेनची राणी दुसरी इसाबेल हिच्या काळातला. मारणारा आणि मेलेला एकाच कुंपणात, आणि पोरं दोघांच्याही पायऱ्यांवर बसून चिप्स खात होती.

मागे तिवरं आणि उथळ पाणी. ओहोटी लागलेली होती आणि इथे उभं राहिल्यावर लढाई कशी फिरली ते पुस्तकापेक्षा चांगलं समजतं. हुमाबोनचं वर्चस्व मानायला लापुलापू तयार नव्हता. २७ एप्रिल १५२१ ला पहाटे मॅगेलन त्याला धडा शिकवायला निघाला. हुमाबोनच्या माणसांना त्याने होड्यांतच बसून मजा बघायला सांगितलं. पण प्रवाळ खडकांमुळे त्याच्या होड्या किनाऱ्यापर्यंत येऊ शकल्या नाहीत, तोफा पल्ल्याच्या बाहेर राहिल्या, आणि एकोणपन्नास माणसं चिलखतं घालून मांडीभर पाण्यातून चालत निघाली. समोर दीड हजार होते असं त्याचा बखरकार पिगाफेत्ता लिहितो. आकडा थोडा फुगवला असेल, हरलेली बाजू फुगवतेच. लापुलापूच्या माणसांनी उघड्या पायांवर नेम धरला. मॅगेलनच्या पायात विषारी बाण लागला, माघार सुरू झाली, आणि त्याला पाण्यातच गाठलं. नंतर हवा तेवढा माल देतो, प्रेत द्या, असा निरोप पाठवला गेला. लापुलापूने नकार दिला.

दाभोळ मनात होतंच. त्या पाण्याकडे मी जरा समाधानानेच पाहिलं, खोटं कशाला बोला.

श्राइनला लागूनच सुतुकिलच्या खानावळी आहेत. मासा बर्फावरून निवडायचा, वजन करून घ्यायचं आणि तो भाजून, सार करून की व्हिनेगरात मुरवून हवा ते सांगायचं. काउंटरवरचा मुलगा एकेक मासा शेपटीला धरून दाखवत होता. ठिपक्यांचा, जाड ओठांचा एक उचलला आणि म्हणाला, ‘लापुलापू, मॅम. बेस्ट.’ आपल्याकडचं हेकरू. राष्ट्रवीराचं नाव माशाला आणि तोच मासा त्याच्या पुतळ्यामागे भाजून खायचा, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कल्ले उघडून बघितले, लालभडक होते. किलोचा भाव त्याने सांगितला, मी पाडला, त्याने मान डोलवली.

‘हाफ ग्रिल, हाफ सूप?’

‘हो,’ म्हटलं, ‘आणि डोकं सारात घाला. फेकू नका.’

त्याने आत ओरडून सांगितलं आणि माझ्यासमोर एकच ताट मांडत विचारलं, ‘युवर कंपॅनियन, मॅम? कमिंग?’